सिनेमातल्या भाजीला वास नसतो

मार्गशीर्ष लागला की आमच्या अकोल्याच्या अंगाला शनिवारी कोणत्या ना कोणत्या वावरातून गोवऱ्यांचा धूर निघतो. रोडगे लागलेले असतात. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात दाबून भाजायचे आणि शेजारच्या चुलीवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजवायची. आज सकाळपासून तो धूर माझ्या घरात येऊन राहिला आहे. मी खिडकी लावून घेतली. तरी येतोच.

लोक आपल्या आवडत्या सिनेमांबद्दल सांगतात तेव्हा बहुतेक तरुणपणी टॉकीजमध्ये पाहिलेले सांगतात. तरुणपणी मी टॉकीजमध्ये फार गेले नाही. गेले तेव्हा देवाधर्माचे सिनेमे पाहिले आणि अर्ध्यात झोपले. माझे आवडते सिनेमे सगळे स्वयंपाकाचे आहेत. ते सगळे मी एकाच हिवाळ्यात पाहिले, दुपारच्या वेळी, माझ्या थोरल्या जावेच्या खाटेजवळ बसून. ती जाऊ आता नाही.

तिचं नाव सुभद्रा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला बाई म्हणत आले. आमचा भाजीपाल्याचा धंदा. वांगी, मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. दोघींचे नवरे गेले, तिचा मुलगा दिनकर वावर पाहतो, मला मूलबाळ नाही. एका चुलीवर आम्ही दोघींनी जन्म काढला. माया होती का म्हणाल तर आम्ही तो शब्द कधी काढला नाही. भांडणं पुष्कळ झाली आणि बहुतेक स्वयंपाकावरून झाली. तिच्या मते मला कांदा परतता येत नाही. माझ्या मते तिला दुसऱ्याचं काही आवडतच नाही.

तंबाखू ती पोरवयापासून खायची. घशात गाठ निघाली. अमरावतीच्या दवाखान्यात गाठीला विजेचे शेक दिले, ते संपेस्तोवर दिवाळी आली. मानेची कातडी वांगं भाजल्यासारखी काळी पडली. नाकातून नळी घातली, ती थेट पोटात. आवाज फाटला, पण बोलता येत होतं. गिळता मात्र येत नव्हतं. वरणाचं पाणी, दूध, ताक, सगळं गाळून मी पिचकारीनं नळीत सोडायची.

डॉक्टर म्हणाले, नळी आता राहील. बाईनं विचारलं, "जलमभर?" डॉक्टर कागद पाहू लागले. आम्हाला उत्तर कळलं.

परत येताना मूर्तिजापूरला दिनकरनं गाडी थांबवली. तो चहा प्यायला उतरला नाही, मीही नाही. बाई म्हणाली, "तुमी काहून उपाशी बसले? प्या ना." मग ती म्हणाली, "हे पाय दिनकर. खानं गेलं तं गेलं. पन मार्गशीर्षात मारुतीले रोडगे होतील, त्याची भाजी मीच करीन. दुसऱ्या कोनाचा हात लागू देनार नाई."

"माय, तू आराम कर ना आता."

"आराम करून कोनतं पीक घेऊ?"

तेवढंच तिला हवं होतं. बाकी काही मागितलं नाही.

वेडेपणा वाटेल, पण त्यात तिचा हिशेब होता. आमच्या वावरातल्या मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो. नैवेद्य दाखवायच्या आधी भाजी चाखायची नाही, थेंबभरही नाही. नाही तर ती उष्टी झाली. बाई या घरात आल्यापासून ती भाजी तिच्याकडे होती आणि तिनं ती एकदाही चाखली नव्हती. पुढे ती सवयच लागली. रोजचा स्वयंपाकही ती न चाखताच करायची. मीठ मुठीनं घ्यायची, उकळी आली की गंजावर वाकायची आणि वाफ घ्यायची. म्हणायची, मीठ कमी असलं की वाफ नाकात चढते, बरोबर पडलं की खाली बसते. मला असं काही कधी कळलं नाही. मी चाखते. सणावाराला चुकून मीठ कमी-जास्त झालं तर माझं झालं, तिचं कधी नाही.

म्हणून ती म्हणायची, "मी काय तोंडानं सयपाक करत होती का? तोंड गेलं तं माह्या सयपाकाचं काय गेलं?"

मला ते पटलं. दिनकरलाही पटलं. आमच्यासारख्यांनाच असलं काही पटतं.

सिनेमे प्राजूनं आणले. प्राजू दिनकरची मुलगी, अमरावतीला कॉलेजात आहे. सुटीत घरी आली, तिनं टीव्हीला काहीतरी जोडलं आणि आजीसाठी मारामारीचा सिनेमा लावला. बाईनं थोडा वेळ पाहिला. म्हणाली, "हे नको. खान्याचं लाव."

प्राजू माझ्याकडे पाहू लागली. दिनकर दारात होता. म्हणाला, "माय, काहून जिवाले तरास करून घेतं?"

"तरास मले होते का तुले?"

"मले होते."

"मंग तू वावरात जाय."

पहिला सिनेमा परदेशातला होता. बर्फ पडलेलं गाव, म्हातारा पाववाला. बायको सोडून गेलेली. तो कणीक मळतो, पाव भट्टीत टाकतो, बाहेर काढतो, पुन्हा मळतो. कोणी फार बोलत नाही. बोलले तेही आम्हाला कळलं नाही आणि त्यानं काही अडलं नाही. बाईला तो सगळ्यांत जास्त आवडला. तो म्हातारा पाव दोन्ही हातांनी मोडायचा तेव्हा वरचं कवच तडकायचं. तो आवाज आला की बाई म्हणायची, "रोडगा फुटला पाय." तेवढं मागे नेऊन पुन्हा लावायला सांगायची. प्राजू गेल्यावर मी ते बटण शिकले.

माझ्या आवडीचा हिंदी होता. दोन भाऊ, दोघं हलवाई. बाप मेल्यावर दुकानाच्या मधून पडदा लावतात आणि एका कढईवरून भांडतात. गाणी चांगली होती. पण त्यातला धाकटा दर घडीला बोट बुडवून पाक चाखायचा. बाईला ते बघवायचं नाही. "उष्टं करून राहिला पाय सारं! याच्या हातचं कोन घेते वं?"

मी म्हटलं, "बाई, सिनेमा हाय थो. त्याच्यातला पाक कोनाले खायचा नाई."

"मले तं कोनताच खायचा नाई. म्हनून काय उष्टा चालते का?"

दक्षिणेकडचा एक होता. बसस्टँडजवळची खानावळवाली, केळीच्या पानांवर जेवण वाढते. तिचं एक गिऱ्हाईक रोज येतं, बसतं, अर्धं जेवून उठतं. का उठतं ते शेवटी कळतं. मला ते कारण आता आठवत नाही. ती तांदूळ धुते ते आठवतं. परातीत पाणी दुधासारखं होतं आणि ती ते कडेनं सोडते. बाई त्या वेळी आपला हात पांघरुणाबाहेर काढून तसाच वळवायची.

मराठी एक लावला होता. खेड्यातली सून, धुरात डोळे चोळत भाकरी थापते. बाई म्हणाली, "बंद कर. याच्यात पाह्याले काय हाय? हे तं आपनच." आम्ही दोघी पुष्कळ हसलो. तिला हसताना नळी धरावी लागायची.

त्या दिवसांत मी घरात फोडणी देणं सोडलं होतं. बाई आतल्या खोलीत उपाशी, आणि आपण इकडे तेलात लसूण टाकायचा, हे मला जमेना. माझ्यापुरती भाकर, कच्चा कांदा, तिखट, झालं. दिनकर आणि त्याची बायको वावरातल्या खोलीत राहायचे, त्यांचा स्वयंपाक तिथेच व्हायचा. बाईच्या ते ध्यानात आलं.

"यमुने, घरात फोडनीचा आवाज काहून येत नाई?"

"तुमाले तरास होईन म्हनून."

"सिनेमात दिवसभर फोडन्या पाह्यतो मी. त्यानं मेली का? सिनेमातल्या भाजीले वास नसते, घरातल्या तं येऊ दे."

तेव्हापासून आमचा नवा उद्योग सुरू झाला. सिनेमात कढई चढली की मी स्वयंपाकघरात चूल पेटवायची. तिकडे काहीही शिजत असलं तरी इकडे मेथी किंवा वांगी किंवा डाळभाजी. जिरं, लसूण, लाल मिरची. मग तिथूनच ओरडायची, "आला का?"

"हं, आला."

"लसनाचा का मिरचीचा?"

"दोनीचा. मिरची जाळली तू."

मिरची खरंच जळालेली असायची. माझी नेहमीच जळते. मला वाटायचं, हिचं नाक शाबूत आहे, म्हणजे हिची भाजी शाबूत आहे. मग केलंच आहे तर मी जेवून घ्यायची.

स्वयंपाकाच्या सिनेमांत मला एक गोष्ट खटकते, ती इथेच सांगते. जेवणानं सगळं ठीक होतं. घरदार मोडलेलं असतं, मुलं दूर गेलेली असतात, भाऊ बोलत नसतात. मग कोणीतरी दिवसभर खपून जेवण रांधतं, सगळे येऊन बसतात, पहिला घास घेतात, डोळे ओले होतात आणि गोष्ट सुटते. त्या पाववाल्याची बायकोसुद्धा शेवटी दारात येऊन उभी राहते. माझा जन्म चुलीपुढे गेला. माझ्या हातचं जेवून कोणी सुधारलेलं मी पाहिलं नाही. दारू पिणारे जेवून पुन्हा प्यायला गेले. रुसलेले जेवले आणि रुसलेलेच उठले. भूक लागते, माणूस जेवतो, पुन्हा भूक लागते. भांडी उरतात. सिनेमात भांडी कोणी घासत नाही, तेही खटकतं.

तरी ते सिनेमे मला आवडतात. का, ते मला सांगता येत नाही. कदाचित त्या वेळी आम्हा दोघींना भांडायला तेवढंच राहिलं होतं म्हणून असेल.

धूर कमी झाला वाटतं. आता भाजी उतरवली असेल कोणी.

रोडग्याचा शनिवार आला. दिनकरनं बाईला गाडीतून वावरात नेलं. तुरी शेंगांनी लदबदल्या होत्या. चिंचेखाली खुर्ची टाकली. बाईनं नळीवरून पदर घेतला आणि चूल कशी मांडायची इथपासून सुरुवात केली. हे लाकूड ओलं हाय, ते काढ. वांगी उभी चीर, देठ राहू दे. तिचा फाटका आवाज पार बांधापर्यंत जायचा. रोडगे भाजणारे गडी हसून राहिले होते. दिनकर खुश होता. त्याला इतका खुश मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

भाजीला उकळी आली. बाई उठली. मी धरू लागले तर हात झटकला. तिनं मूठभर मीठ टाकलं, सराट्यानं ढवळलं आणि गंजावर वाकली. वाकूनच राहिली. वाफ तिच्या तोंडावर, डोळ्यांत जात होती. मग तिनं आणखी एक मूठ टाकली. पुन्हा वाकली. पुन्हा हात मिठाच्या डब्यात गेला.

मी म्हटलं, "बाई, झालं ना?"

"तुले काय समजते? गप."

चाखून पाहायची सोय नव्हती. मारुतीला नैवेद्य दाखवला, नारळ फुटला, पंगत बसली.

आमच्या पंगतीची रीत जरा वेगळी आहे. आमच्याकडे भाजी चांगली झाली तर कोणी तसं म्हणत नाही, गुपचूप दुसऱ्यांदा मागतात. जराशी खोट निघाली, वांगं कच्चं राहिलं किंवा तिखट कमी पडलं, तर मात्र सारं वावर ऐकतं. काकू, वांगी बी संपावर गेली का? काकू, तिखट उधार आनलं का? प्रसादाचं जेवण असलं तरी तोंड आवरत नाही. बाई तशाच ओरडून उत्तर द्यायची. त्या आरडाओरडीशिवाय आमचे रोडगे झालेच नाहीत कधी.

त्या दिवशी पहिला घास सगळ्यांनी घेतला आणि पंगत गप्प झाली. रोडगा मोडल्याचे आवाज तेवढे येत होते. लोक रोडगा तुपात कालवून खाऊन राहिले होते आणि भाजीला बोट लावून सोडत होते. पाण्याचा जग मात्र फिरत होता. दिनकरनं वर न पाहता ताट पुढे केलं, "माय, भाजी वाढ अजून. लय मस्त झाली." त्याच्या शेजारचा म्हणाला, "हो वो काकू, एकदम मस्त." मग तिसराही म्हणाला.

बाई सराटा हातात धरून उभी राहिली. तिनं सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. इतक्या वर्षांत त्या वावरात तिच्या भाजीला कोणी मस्त म्हटलं नव्हतं.

"मीठ कसं हाय?" तिनं विचारलं.

दिनकरनं मोठा घास तोंडात कोंबला.

"यमुने, तू सांग."

माझ्या ताटात भाजी होती. मी घास घेतला. मिठागरात तोंड घातल्यासारखं झालं. सगळे माझ्याकडे पाहत होते. दिनकर डोळ्यांनी नाही-नाही करत होता. पण मला तिनं विचारलं होतं, आणि तिला काय कळलंय ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, "खारी झाली बाई. खाववत नाई."

"हं," ती म्हणाली. सराटा गंजात ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसली.

मागून दिनकर माझ्यावर फार चिडला. "काकू, एक दिवस खोटं बोललं असतं तं काय झालं असतं?" मी म्हटलं, तुम्ही सगळे बोललेच होते ना, काय झालं त्यानं? नावं ठेवली असती तर तिनं चार शिव्या दिल्या असत्या, गंजात पाणी ओतलं असतं, आलू टाकून भाजी सावरली असती. तुम्ही तिला मेल्यासारखी वागवली. तो उठून गेला. भाजी गाईंपुढे टाकली, त्यांनीही तोंड फिरवलं.

परत येताना गाडीत मी आणि बाई मागे बसलो होतो. ती म्हणाली, "मले दिवाईपासूनच वास येत नाई."

मला आधी कळेना. मी म्हटलं, "मंग फोडनीचा? हं आला, हं आला म्हनत होत्या?"

"तू नुसती भाकर खात होती. मुक्याट्यानं. मले दिसत नव्हतं का?"

"आन मिरची जळाली म्हनत होत्या थे?"

"थे तं तुई रोजच जळते. त्याले वास कायले पाह्यजे."

बाहेर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं वेचून झालेली, नुसत्या काड्या उभ्या होत्या. मग ती म्हणाली, "मले वाटलं व्हतं, वाफेवर समजन. आंगावर वाफ आली का समजन. काई नाई समजलं वं. नुसतं गरम लागलं."

त्यानंतर मी सिनेमा लावायची, तर ती बंद करायला सांगायची नाही आणि पाहायचीही नाही. पाव मोडल्याचा आवाज आला तरी मान वळायची नाही. हलवाई बोट बुडवायचा, मुद्दाम मी आवाज मोठा करायची. ती काही बोलायची नाही. पोट भरलेल्या माणसासारखी पडून राहायची, आणि पोटात तर गाळलेलं पाणी. भुकेनं माणूस तडफडतं ते मी पाहिलं आहे. भूक निघून जाते ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते जास्त वाईट आहे. तडफडणाऱ्याला काहीतरी देता येतं.

मग मी टीव्ही लावणं सोडलं. फोडणीही सोडली. प्राजू फोनवर विचारायची, काकूआजी, नवीन पाठवू का एक, फार छान आहे, सगळा मिठाईचा. मी म्हणायची, राहू दे.

नळीत पिचकारीनं काही सोडायच्या आधी बाई नेहमी विचारायची, आज काय हाय? जिभेला लागत नसलं तरी तिला माहीत असावं लागायचं. मुगाचं म्हटलं की म्हणायची, तुरीचं कर उद्या. ताक म्हटलं की विचारायची, जिरं टाकलं का? गाळून जाणार असलं तरी टाक म्हणायची, आणि मी टाकत असे.

रोडग्यानंतर तिनं विचारणं सोडलं. मी आपली सांगायची. बाई, आज तुरीचं हाय. बाई, ताकात जिरं टाकलं हाय, सांभारही टाकला होता गाळायच्या आधी. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. नळी वर धरायची, पिचकारी लावायची, हळूहळू सोडायचं, मग साधं पाणी सोडून नळी धुवायची.

काही दिवस मी सांगत राहिले. मग मीही सांगणं सोडलं.